उलटा हात

भोर तालुक्यातल्या आंबवड्याला माणसं जातात ती नागेश्वराच्या देवळासाठी आणि तिथल्या झुलत्या पुलासाठी. त्याच गावात कान्होजी जेध्यांची समाधी दाखवतात, आणि जिवा महालांचीही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखान पडल्यावर त्याचा अंगरक्षक सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर धावून आला आणि त्याचा हात जिवा महालांनी वरच्या वर तोडला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे मावळात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जिवा महाला नाभिक समाजातले, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही. बारा बलुतेदारांत नाभिक हा एकटाच असा, की त्याच्या हातातल्या धारदार पोलादासमोर पाटील-कुलकर्ण्यांपासून कुणब्यापर्यंत सगळे डोळे मिटून गळा पुढे करत. आणि बहुतेक वेळा त्या गळ्याला काहीही होत नसे.

हे ‘काहीही न होणं’ वाटतं तितकं साधं नाही. भोर-वेल्ह्यातल्या (वेल्हे आता सरकारदरबारी राजगड) कितीतरी तरुणांना ते रोज जमत नाही. शिरवळ, खेड-शिवापूर किंवा पुण्यातल्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचं, म्हणून पहाटे घाईघाईनं दाढी उरकायची. दोन दिवसांनी मानेवर, जबड्याखाली बारीक लाल पुटकुळ्या. काही खाजतात, काही पिकतात, आणि गेल्यावरही काळे डाग सोडून जातात. घरात निदान लगेच होतं: ‘उष्णता बाहेर पडली’, ‘साबण बाधला’, ‘ब्लेड लागलं’. यातलं काही कधीकधी खरंही असतं. पण बऱ्याचदा गुन्हेगार वेगळाच असतो. जो केस आपण कापला, तोच परत येऊन आपल्याला टोचलेला असतो.

कसा, ते पाहायचं तर दाढीचा एकच केस जवळून पाहावा लागेल.

दाढीचा केस दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो. सकाळी घोटून केलेली दाढी संध्याकाळी बोटांना खरखरीत लागते, ती जेमतेम ०.२ मिलिमीटरच्या वाढीमुळे. आपल्या बोटांची जाण इतकी बारीक असते, याचंच आधी आश्चर्य वाटायला हवं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्या प्रथिनाचे धागे केसाच्या लांबीला समांतर रचलेले असतात. त्यामुळे केस भिजला की पाणी धाग्यांच्या मधे शिरतं आणि केस आडवा फुगतो: जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र एखाद-दोन टक्केच. शिवाय धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही बंध पाण्यानं सैल पडतात. दोन-तीन मिनिटं नीट भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा खूपच कमी जोर लागतो. फेस हे काम स्वतः फारसं करत नाही. तो फक्त पाण्याला केसाजवळ धरून ठेवतो आणि पात्याला घसरायला वाट देतो. म्हणून गालावर पाण्याचं नुसतं बोट फिरवून लगेच साबण फासणं म्हणजे फेसाचा देखावा. बोअरच्या जड पाण्यात तर तोही धड होत नाही.

आणि कोरडा केस काय करू शकतो? २०२० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी हाच प्रश्न धरला. पोलादाचं पातं केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण. तरीही काही दाढ्यांनंतर ते बोथट होतं. का? त्यांच्यातल्या एकानं स्वतःची दाढी करून प्रत्येक वेळी ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. धार हळूहळू झिजून गोल होत असेल, अशी अपेक्षा. दिसलं वेगळंच: धारेचे बारीक टवके उडालेले होते. केस पात्यासमोर सरळ उभा न राहता वाकला, त्याची कड धारेवर तिरकी आली, आणि नेमकी तिथंच पोलादाची घडण एकसारखी नसली, तर इतका मऊ केस इतक्या कठीण धारेचा तुकडा पाडतो. ‘ब्लेड गेलं’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं म्हणजे केसानं ते मोडलेलं असतं. पुढच्या दाढीला तीच तुटकी कड केस कापण्याऐवजी ओढते, सोबत कातडीचा वरचा थर खरवडते. हा वरचा थर, मेलेल्या पेशींचा, चेहऱ्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका जाड. आपलं आणि बाहेरच्या जंतूंचं भांडण तेवढ्यावर अडलेलं असतं.

आता मुख्य मुद्द्याकडे. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. लहान मुलाचं जावळ हाताला रेशमासारखं लागतं त्याचं एक कारण हेच. पातं फिरलं की ते टोक जातं आणि मागे राहतो तिरका, धारदार छेद. दिवाळीच्या सुमारास तोरण्याला किंवा राजगडाला चढून आलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको: पायमोज्यात शिरलेलं कुसळ जसं तिरक्या टोकानं पुढेच सरकत राहतं, मागे म्हणून येत नाही, तसाच हा केस.

तो शिरायला त्याला दोन वाटा असतात. पहिली बाहेरून. केस कातडीबाहेर येतो, वाढतो, आणि मुळात वळणदार असेल तर एखाद-दोन मिलिमीटर वाढताच टोक खाली वळवून शेजारच्या कातडीत घुसतो. दुसरी वाट जास्त कपटी. केस कातडीच्या पृष्ठभागाखाली कापला गेला, की वाढताना त्याला बाहेर येण्याचं तोंड सापडायच्या आतच तो रोमकूपाची, म्हणजे ज्या नळीत तो रुजलेला असतो तिची, भिंत फोडून आडवा जातो. दोन्ही प्रकारांत शरीर एकच निष्कर्ष काढतं: परकं काहीतरी आत शिरलंय. पांढऱ्या पेशी धावतात, सूज येते, पू होतो. त्या पुवात पुष्कळदा जंतू नसतातही. शरीरानं स्वतःच्याच केसाविरुद्ध पुकारलेली ही लढाई असते. सावळ्या कातडीत सूज ओसरल्यावर रंगद्रव्य मागे राहतं, आणि तो काळा डाग महिनोन्‌महिने मुक्काम करतो.

केस कातडीखाली कापला जाईलच कसा, असं वाटेल. तीन प्रकारे. कातडी ताणून धरली की केस जरा बाहेर येतो. कापल्यावर कातडी सोडली की तो आत बसतो. उलटा हात मारला, म्हणजे केसाच्या वाढीच्या विरुद्ध पातं चालवलं, की पातं केसाला उचलून मुळाजवळ कापतं. आणि तिसरा प्रकार बाजारात विकत मिळतो. १९७१ साली जिलेट कंपनीनं दोन पात्यांचं रेझर आणलं. पुढे तीन झाली, पाच झाली. पहिलं पातं केसाला कापता कापता जरा बाहेर ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी मागचं पातं त्याला पुन्हा, आणखी खाली कापतं. जाहिरातीत ही करामत मोठ्या अभिमानानं दाखवतात. सरळ केसाच्या माणसाला ती लाभते. ज्याच्या मानेवर पुटकुळ्या येतात, त्यानं मात्र जास्त पैसे मोजून दुखणं विकत घेतलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांनाच हा त्रास का होत नाही? केसाचं वळण रोमकूपाच्या वळणावरून ठरतं. कुरळ्या केसांचा रोमकूप कातडीतच वाकडा असतो. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत म्हणून हा विकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, इतका की अमेरिकी सैन्यात त्यासाठी दाढी न करण्याची वैद्यकीय परवानगी द्यावी लागली. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी केराटिनच्याच एका प्रकारात, रोमकूपाच्या अस्तरात असणाऱ्या केराटिन ७५ मध्ये, एक बारीक जनुकीय बदल शोधला. तो ज्यांच्यात असतो त्यांना हा त्रास होण्याची शक्यता सुमारे सहापट. प्रथिनाच्या लांबलचक साखळीतला एकच मणी बदललेला, आणि माणसाची मान आयुष्यभर खाजते! आपल्याकडे बहुतेकांचे केस तितके कुरळे नसतात. पण मानेवरचे केस सरळ खाली वाढतात, हा समज मात्र सोडून द्यावा. तिथं ते आडवे असतात, तिरके असतात, कंठाजवळ भोवरे करतात. एकाच मानेवर डावीकडे सुलटा ठरणारा हात उजवीकडे उलटा ठरतो.

या तिरक्या टोकाची ताकद किती, याचा सगळ्यात थक्क करणारा पुरावा गिऱ्हाइकाच्या मानेवर नाही, कारागिराच्या बोटांत सापडतो. केशकर्तन करणाऱ्यांना होणारा एक व्यवसायजन्य विकार वैद्यकशास्त्रात नोंदलेला आहे. गिऱ्हाइकांचे कापलेले, आखूड, टोकदार केस त्यांच्या बोटांच्या बेचक्यातल्या मऊ, ओलसर कातडीत शिरतात, आत बारीक बोगदा करतात, आणि ती जागा पुन्हा पुन्हा पिकते. मुळापासून सुटलेला, मेलेला, दुसऱ्याच्या अंगावरचा केस. तरी तो आत जातो. उपाय साधाच: दर गिऱ्हाइकानंतर बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या करायच्या. गणपतीच्या आधीच्या गर्दीत तो कितपत होत असेल, कोण जाणे.

जुन्या गावकीतला नाभिक धोकटी घेऊन दारात यायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा, आरसा, पाण्याची वाटी, तुरटीचा खडा. साबण बऱ्याचदा नसेच. तो काय करी? नुसत्या पाण्याच्या बोटांनी गाल चोळत बसे, चांगला वेळ. गावच्या खबरा सांगून होईपर्यंत. त्या चोळण्यात केस भिजून फुगत, आणि बोटांना आपोआप कळे की कुठला केस कुठल्या दिशेला झुकलाय. धार प्रत्येक वेळी पट्ट्यावर घासून सरळ केलेली असे. पातं एकच. आज त्वचारोगतज्ज्ञ पुटकुळ्यांवर जो सल्ला देतात त्यातला निम्मा त्या वाटीभर पाण्यात होता.

निम्माच. बाकीच्या निम्म्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. तोच वस्तरा, तीच वाटी, तोच तुरटीचा खडा सगळ्या आळीला फिरत असे. कावीळ-बी चा विषाणू अंगाबाहेर, सुकलेल्या रक्तातही, निदान सात दिवस टिकून राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा ओरखडाही त्याला पुरतो. त्यामुळे सलूनमधला आजचा बिनपात्याचा वस्तरा ही मला फार मोठी सुधारणा वाटते. कारागीर कागदाची पुडी हातात घेतो, ब्लेड कागदासकट मधोमध वाकवतो, कट्‌ असा आवाज येतो, आणि अर्धं पातं वस्तऱ्याच्या खाचेत सरकतं. दोन सेकंदांचं काम. तुरटीचं म्हणाल, तर ती प्रथिनं गोठवते आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून रक्त थांबतं. पण सगळ्यांना एकच खडा फिरवायचा असेल तर ती न लावलेली बरी. घरी स्वतःची ठेवावी.

आता घरच्या दाढीचं. सगळ्यात मोठा बदल हा की गुळगुळीतपणाचा हट्ट सोडायचा. गालावर हात फिरवला आणि काहीच लागलं नाही, याचा अर्थ केस कातडीच्या पातळीवर किंवा तिच्याखाली गेलेत. ज्याला त्रास नाही त्यानं खुशाल करावं. ज्याला आहे त्यानं अर्धा-एक मिलिमीटर खुंट राखावेत. ट्रिमर टेकवून न दाबता चालवला तर ते आपोआप राहतात, आणि कंपनीच्या गेटवर कुणी हरकत घेण्याइतके दिसतही नाहीत. ब्लेडच हवं असेल तर एकाच पात्याचं घ्यावं. दाढी अंघोळीनंतर, किंवा कोमट पाण्याचा ओला पंचा दोन-तीन मिनिटं गालावर धरून. दोन दिवसांची दाढी वाढली असताना बोटं फिरवून आपल्या मानेचा नकाशा एकदा नीट समजून घ्यावा. ज्या दिशेला हात मऊ जातो ती सुलटी. त्या दिशेनंच, कातडी न ताणता, आखूड हात, मधे मधे पातं धुऊन. एकाच जागी चार-चारदा फिरवू नये. शेवटी गार पाणी, टिपून कोरडं, आणि बिनवासाचं साधं मलम. स्पिरिटवालं लोशन झोंबतं म्हणून ते काम करतं, ही समजूत का टिकलीय हे मला आजवर कळलेलं नाही. ते कातडी वाळवतं. साबणही कातडीवर वाळू देऊ नये: कातडी किंचित आम्लधर्मी असते, साबण अल्कधर्मी.

आत वळलेल्या केसाचा फास कातडीखाली दिसत असेल तर निर्जंतुक केलेल्या सुईनं तो फास अलगद उचलून टोक मोकळं करावं. एवढंच. चिमट्यानं मुळासकट उपटायचा मोह आवरावा, कारण नवा केस येताना पुन्हा त्याच बंद तोंडाशी येऊन आत फुटतो. काखा, पाय, जांघा यांवर रेझर किंवा वॅक्स वापरणाऱ्या बायकांनाही हेच लागू. वॅक्समध्ये केस बऱ्याचदा मुळाशी न निघता कातडीखाली तुटतो. आणि भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळणाऱ्या पोरांनी मानेमागचा ‘झिरो’ जरा सांभाळून मारून घ्यावा. तिथं वारंवार कातडीला भिडवून मशीन फिरवलं की काहींच्या केसांच्या रेषेवर टणक गाठी धरतात, आणि त्या काही केल्या जात नाहीत.

दाढीतली प्रत्येक पुटकुळी मात्र या केसाचीच असते असं नाही. गुरांच्या, विशेषतः वासरांच्या, अंगावर करड्या खपलीचे गोल चट्टे येतात, ते गजकर्ण. दावणीला रोज राबणाऱ्या माणसाच्या दाढीत तीच बुरशी रुजू शकते. मऊ, सुजलेले फोड येतात, आणि खूण अशी की त्या जागचा केस ओढला तर न दुखता हातात येतो. अशा वेळी मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावली तर घात होतो. त्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली जाते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी फोफावते. चेहऱ्याची कातडी पातळ होते ती वेगळीच. फोड वाढत असतील, ताप असेल, गाठी टणक होत असतील, तर भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. केस वळण्याच्या त्रासावर अ‍ॅडापॅलीनसारखी मलमं आहेत, लेझर आहे. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

पण सगळ्यात खात्रीचा उपाय डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात तेव्हा पेशंट नाराज होतो: चार आठवडे दाढीच करायची नाही. कारण केस साधारण एक सेंटिमीटर वाढला की त्याच्यातच ताण येतो आणि आत रुतलेलं टोक तो स्वतः बाहेर काढतो. कुणी हात लावावा लागत नाही. आता हिशेब करू. रोज ०.४ मिलिमीटर, दिवस ३०: बारा मिलिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटरच्या थोडं पुढे. आणि आपल्या घराघरांतून दाढी-कटिंग न करता बरोब्बर एक महिना काढायची रीत आधीच आहे. श्रावण!

श्रावण पाळायला सुरुवात झाली ती त्वचेसाठी, असं मी मुळीच म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांचे संदेश मोबाइलवर पुष्कळ फिरतात, त्यात भर नको. पण वेळ मात्र सुरेख साधते. लावणी उरकलेली असते, वेल्ह्याच्या खोऱ्यात पाऊस उघडीप देत नाही, अंगावरचे कपडे दिवसभर ओले, आणि ओल्या, मऊ पडलेल्या कातडीवर नेमकं त्या महिन्यात पातं फिरत नाही. पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच माहीत असलेलं बरं. आखूड केस अजून टोचतच असतात, खाज वाढते, आणि पुष्कळ जण इथंच हार मानून वस्तरा मागतात. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसू लागतो. चौथ्यात मान साफ.

मग श्रावणी अमावस्या सरते आणि चार दिवसांवर गणपती. सलूनबाहेर बाकड्यावर जागा नसते. महिन्याची दाढी थेट ब्लेडनं उतरवली तर लांब केस पात्यात अडकतात, ओढले जातात, आणि महिन्याची कमाई एका बैठकीत जाते. आधी मशीननं बारीक करून घ्या, मग गाल भरपूर भिजवायला सांगा, पुडी आपल्यासमोर फोडायला सांगा. सुलटा हात झाला की कारागीर विचारेल, ‘उलटी घेऊ का?’ मागे कितीही रांग असो, ‘नको’ म्हणायला फार वेळ लागत नाही.